पहिला जबाब

कुंटणखान्यावर पोलिसांची धाड पडल्यानंतर तेथून सोडवून आणलेल्या मुलीला ठाण्यात बसवून जे पहिले दोन-तीन प्रश्न विचारण्यात येतात, त्यांची उत्तरे बहुधा ठरलेली असतात: वय एकोणीस, घरचे कोणी नाही, आणि येथे आले ती स्वखुशीने. ही उत्तरे कागदावर उतरली आणि खाली सही किंवा अंगठा झाला की त्या मुलीला सुधारगृहात पाठवायचे, बालकल्याण समितीपुढे उभे करायचे, की 'ताईच्या' किंवा 'मावशीच्या' हवाली करायचे, याचा निकाल पुष्कळदा त्या एका कागदावर लागून जातो. लैंगिक शोषणासाठी होणाऱ्या मानवी तस्करीविषयी गेल्या तीन दशकांत भारतात, नेपाळात आणि युरोपात जे गंभीर संशोधन झाले आहे, त्याचे धागे वेगवेगळ्या दिशांनी निघून शेवटी या पहिल्या जबाबापाशी येऊन पोहोचतात. ती उत्तरे कधी संपूर्ण खोटी असतात, कधी अर्धी खरी असतात आणि कधी अक्षरशः खरीही असतात. यांपैकी कोणता प्रकार आपल्यासमोर आहे, हे त्या रात्री, त्या खोलीत, गणवेशातील अनोळखी मनुष्याला उमगणे जवळजवळ अशक्य असते. आपली शासनयंत्रणा जेथे थांबावयास हवे तेथे घाई करते आणि जेथे क्षणाचाही विलंब घातक ठरतो तेथे थांबून राहते, असे या संशोधनाच्या वाचनानंतर माझे मत झाले आहे, आणि ते सामान्य वाचकांपुढे थोड्या विस्ताराने मांडावे असे वाटते.

मुलगी असे उत्तर का देते, हे कळण्यासाठी त्या धंद्याचा हिशेब समजून घ्यावा लागतो. दलालाने मुलगी आणून घरवालीच्या, म्हणजे कुंटणखाना चालविणाऱ्या बाईच्या, हवाली केली म्हणजे दलालाला मोजलेली रक्कम घरवालीच्या खर्ची पडत नाही, ती मुलीच्या नावावर कर्ज म्हणून चढते. त्यावर तिचे अन्न, कपडे, औषधपाणी, गर्भपात, खोलीचे भाडे, वस्तीत वाटावा लागणारा हप्ता आणि या सर्वांवरचे व्याज अशी रोज भर पडत जाते, आणि ती वही तिच्या दृष्टीस कधीच पडत नाही. कर्ज फिटेपर्यंत तिच्या हाती पैसा येत नाही, आणि फिटल्याचे जाहीर झाले तर पुढे ती 'अधिया' होते, म्हणजे मिळकतीचा निम्मा वाटा तिचा आणि निम्मा घरवालीचा. एवढ्यात काही वर्षे लोटलेली असतात, एखादे मूल झालेले असते, आणि ते मूल घरवालीच्या नात्यागोत्यातल्या कोणाकडे सांभाळावयास ठेवलेले असते. ज्या आईचे मूल असे तारण पडले आहे, तिने पोलिसांपुढे काय सांगावे अशी आपली अपेक्षा आहे? शिवाय नाव आणि वय तिच्याकडून आधीच पाठ करून घेतलेले असते, पोटमाळ्यावर किंवा खोट्या भिंतीमागील फटीत श्वास रोखून बसण्याचा सराव झालेला असतो, आणि ज्या गणवेशाला तिने खाली जिन्यात हप्ता घेताना पाहिले असेल, त्याच गणवेशातील कोणी आज तिला न घाबरता खरे बोलण्यास सांगत असतो. पोलीस नेतील ते तुलाच शिक्षा देण्यासाठी, असे तिच्या मनावर बिंबविलेले असते, आणि ही भीती पोकळ होती असेही म्हणता येत नाही, कारण आपल्याकडे ज्याला बोलीभाषेत 'पिटा' म्हणतात त्या अनैतिक व्यापार प्रतिबंधक कायद्याखाली कित्येक वर्षे अटक झाली ती दलालांपेक्षा आणि मालकांपेक्षा या स्त्रियांनाच अधिक.

मुंबईच्या बाबतीत हा हिशेब फार जुना आहे. १९१७ साली डंकन रोडवरील एका कुंटणखान्यातून पळून जाण्याचा प्रयत्न केल्याबद्दल अकूताई नावाच्या स्त्रीचा तेथील मालकांनी अनन्वित छळ केला आणि त्यात तिचा अंत झाला. पुढे खुनाचा खटला उभा राहिला तेव्हा त्याच घरातील इतर स्त्रियांनी दिलेल्या साक्षींतून कर्ज, कोंडून ठेवणे आणि मारहाण यांची जी रीत उघडकीस आली, ती आजच्या एखाद्या आरोपपत्रातून उचलल्यासारखी वाटते. अश्विनी तांबे यांनी वसाहतकाळातील मुंबईच्या वेश्याव्यवसायावरील आपल्या संशोधनात हे दप्तर बारकाईने अभ्यासले आहे. त्या साक्षी वाचताना मनाला लागते ते हे, की त्या स्त्रियांना सांगण्यासारखे सर्व काही आधीपासून ठाऊक होते, परंतु ते सरकारदरबारी ऐकले जाण्यासाठी त्यांच्यापैकी एकीचा जीव जावा लागला. पुढे १९२३ साली मुंबई इलाख्याने स्वतंत्र कायदा केला, स्वातंत्र्यानंतर संविधानाच्या २३ व्या अनुच्छेदाने माणसांच्या व्यापाराला आणि वेठीला मनाई केली, १९५० च्या तस्करीविरोधी आंतरराष्ट्रीय करारावर भारताने सही केली आणि त्याच्या पूर्ततेसाठी १९५६ चा कायदा (आजचा 'पिटा') आला. कायद्यांची उणीव आपल्याला तेव्हाही नव्हती.

मग या मुली येतात कोठून आणि कोणाच्या हाताने? याचे देशव्यापी उत्तर शोधण्याचा पहिला मोठा प्रयत्न राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाच्या प्रेरणेने या शतकाच्या आरंभी झाला. पोलीस अधिकारी पी. एम. नायर आणि शंकर सेन यांच्या नावाने २००५ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात एकूण ४,००६ व्यक्तींच्या मुलाखती घेण्यात आल्या होत्या. त्यांत सोडवून आणलेल्या ५६१ आणि कुंटणखान्यांतच असलेल्या ९२९ स्त्रिया-मुली होत्या, ४१२ मालक-मालकिणी होत्या, ५८२ गिऱ्हाइके होती, ८५२ पोलीस अधिकारी होते आणि ज्यांच्याशी असा संवाद क्वचितच कोणी साधला असेल ते १६० तस्करही होते. व्यवहाराच्या सर्व बाजूंना एकाच वेळी बोलते करणे, ही या अभ्यासाची खरी थोरवी. त्यातून निष्पन्न झालेल्या गोष्टींपैकी एक सर्वांत अधिक अस्वस्थ करते: देशात दर वर्षी सरासरी ४४,००० बालके बेपत्ता झाल्याची नोंद होते आणि त्यांपैकी सुमारे ११,००० चा पुढे ठावठिकाणाच लागत नाही, हे पोलिसांच्याच दप्तरांतून गोळा केलेले आकडे त्यात एकत्र मांडलेले होते, आणि बेपत्ता बालकांचा प्रश्न व तस्करीचा प्रश्न हे दोन वेगळे प्रश्न नाहीत हे त्यावरून प्रथमच इतक्या ठसठशीतपणे पुढे आले.

गरिबी हे कारण तर आहेच, पण गरिबीवर बोट ठेवून थांबणे म्हणजे काहीच न सांगण्यासारखे आहे, कारण कोट्यवधी गरीब घरांतील मुली विकल्या जात नाहीत. मुंबईतून सोडविलेल्या मुलींच्या हकिकतींवर जे अभ्यास झाले, त्यांत गरिबीबरोबर आणखी काही तरी पुन्हा पुन्हा आढळते: घरातली मारहाण, बापाचा मृत्यू किंवा त्याने टाकून जाणे, आईचे दुसरे लग्न, कोवळ्या वयात लागलेले आणि लवकरच मोडलेले स्वतःचे लग्न. घराची भिंत अशी एके ठिकाणी ढासळलेली असते, आणि त्या भगदाडातून जो मनुष्य आत येतो तो बहुधा परका नसतो. तो गावातलाच कोणी, लांबची आत्या, आधी शहरात जाऊन बऱ्यापैकी कपड्यांत परतलेली मैत्रीण, कामाचे आमिष घेऊन आलेला ओळखीचा ठेकेदार किंवा चार महिने प्रेमाच्या गोष्टी करणारा तरुण असतो. बसस्थानकावर गुंगीचे औषध देऊन पळविणारा अनोळखी गुंड कधी कधी असतोही, परंतु आपल्या चित्रपटांनी त्यालाच या गुन्ह्याचा एकमेव चेहरा करून टाकल्यामुळे आईबाप मुलीला परक्यापासून जपतात आणि शेजाऱ्याबरोबर निर्धास्तपणे पाठवितात.

२००९ च्या मे महिन्यात बंगालच्या उपसागरातून आलेल्या ऐला वादळाने सुंदरबनातील बांध फोडले, भातशेतीत खारे पाणी शिरले आणि पुढील काही हंगाम ती जमीन पिकण्यासारखी राहिली नाही. पुरुष माणसे केरळ, तमिळनाडू, अंदमान अशी कामाला पांगली, आणि मागे राहिलेल्या घरांतील मुलींना मुंबई-पुण्यात घरकाम, शिवणकाम, लग्न असे पर्याय सुचविणारी माणसे गावोगाव फिरू लागली. पुण्याच्या बुधवार पेठेत किंवा मुंबईच्या उपनगरांत सापडणाऱ्या बंगाली मुलींच्या कहाण्यांत सुंदरबनातील दक्षिण चोवीस परगणा या जिल्ह्याचे नाव वारंवार का येते, याचे उत्तर या खाऱ्या झालेल्या जमिनीत आहे. आपल्या महाराष्ट्र-कर्नाटक सीमेवरच्या देवदासी प्रथेने हेच काम पिढ्यान्‌पिढ्या धर्माच्या आवरणाखाली केले. सौंदत्तीच्या यल्लम्माला वाहिलेल्या मुलीला मुंबईपर्यंत नेण्यासाठी कोणाला फसवावे लागत नव्हते, कारण रूढीनेच तिच्या आईबापांची संमती आधी मिळवून ठेवलेली होती.

आता घाईचा मुद्दा घेतो. हावड्याहून निघालेली गाडी मुंबईस पोहोचण्यास तीस तासांच्या आसपास वेळ लागतो. म्हणजे मुलगी घरी न आल्याचे आईच्या ध्यानात आल्यापासून तिला विकले जाण्यापर्यंतचा अवकाश एवढा लहान असू शकतो. आई मात्र पहिला दिवस नातेवाइकांकडे विचारण्यात आणि दुसरा दिवस लोकलज्जेत घालविते, आणि तिसऱ्या दिवशी ठाण्यात गेलीच तर 'कोणाबरोबर तरी गेली असेल, येईल चार दिवसांत' हे उत्तर पुष्कळदा तिच्या पदरी पडत आले आहे. बेपत्ता झालेल्या प्रत्येक बालकाच्या बाबतीत अपहरण किंवा तस्करी झाली असावी असे गृहीत धरून गुन्हाच नोंदवावा, असा स्पष्ट आदेश सर्वोच्च न्यायालयाने १० मे २०१३ रोजी 'बचपन बचाओ आंदोलन' या संस्थेच्या याचिकेवर दिला, तो याच कारणासाठी. चार महिन्यांत बालक न सापडल्यास तपास मानवी तस्करीविरोधी कक्षाकडे सोपवावा, असाही नियम आहे. परंतु एक दोष या सर्वांनंतरही उरतो. मुलीच्या गावी नोंदला गेलेला अपहरणाचा गुन्हा आणि ती सापडली त्या शहरात नोंदला गेलेला 'पिटा'खालील गुन्हा ही दोन वेगळ्या राज्यांतील, वेगळ्या भाषांतील दोन दप्तरे असतात आणि ती एकमेकांना क्वचितच भेटतात. शहरातील खटला घरवालीपाशी थांबतो; ज्या शेजाऱ्याने मुलगी गाडीत बसविली, त्याच्यापर्यंत शहराचा तपास अधिकारी जात नाही, आणि गावच्या अधिकाऱ्याच्या लेखी मुलगी सापडली म्हणजे तपास संपला.

आणि थांबण्याचा मुद्दा? त्याचा सर्वांत मोठा धडा मुंबईनेच दिला आहे. १९९६ च्या फेब्रुवारीत मुंबई उच्च न्यायालयाने आपण होऊन दखल घेऊन दिलेल्या हुकमानुसार शहराच्या वेश्यावस्तीत मोठ्या धाडी पडल्या आणि चारशेहून अधिक मुलींना बाहेर काढण्यात आले. त्यांत सुमारे दोनशे नेपाळी होत्या. हेतू निःसंशय चांगला होता. पण त्या मुलींना ठेवणार कोठे, त्यांच्याशी त्यांच्या भाषेत बोलणार कोण, त्यांना परत कोण आणि कसे नेणार, यांपैकी कशाचीही तजवीज आधी झालेली नव्हती. सरकारी वसतिगृहांत त्यांना दाटीवाटीने कोंबण्यात आले, संमतीवाचून त्यांच्या रक्ताच्या तपासण्या झाल्या, आणि नेपाळ सरकारने या मुली आपल्याच नागरिक आहेत याला पुरावा काय असा प्रश्न करून त्यांना स्वीकारण्यास चालढकल केली. अखेर काही महिन्यांनी नेपाळातील स्वयंसेवी संस्थांनी पुढाकार घेऊन सव्वाशेच्या घरात मुलींना मायदेशी नेले. त्यांच्यातल्याच काही जणींनी त्याच वर्षी 'शक्ति समूह' ही संघटना उभी केली, जी तस्करीतून सुटलेल्या स्त्रियांनी स्वतः चालविलेल्या जगातील पहिल्या संघटनांपैकी एक आहे. नागरिकत्वाची कागदपत्रेच नसल्यामुळे तिच्या नोंदणीलाही काही वर्षे लागली. २०१३ साली त्याच संघटनेला रेमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला. ज्यांच्यासंबंधी दोन सरकारे महिनोन्‌महिने केवळ पत्रव्यवहार करीत राहिली, त्यांना बोलण्यास अवसर मिळताच त्यांनी काय उभे केले, हे या इतिहासात मला सर्वांत मोलाचे वाटते.

नेपाळला परतलेल्या स्त्रियांच्या प्रकृतीचा अभ्यास हार्वर्ड येथील जे सिल्व्हरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केला आणि तो २००७ साली अमेरिकन वैद्यक संघाच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. २८७ स्त्रिया-मुलींपैकी ३८ टक्क्यांना एचआयव्हीची लागण झालेली होती. परंतु ज्यांना पंधरा वर्षे पूर्ण होण्यापूर्वी विकले गेले होते त्यांच्यात हे प्रमाण ६० टक्क्यांच्या वर होते. कोवळ्या वयाच्या मुलीला गिऱ्हाइकाला नकार देता येत नाही, तिच्या शरीराला इजा अधिक होते, तिला अनेक ठिकाणी फिरविले जाते आणि तिच्या बाळवयासाठीच अधिक पैसे मोजले जातात. त्या आकड्यामागे हे सर्व आहे. म्हणून अल्पवयीन मुलगी शोधून काढण्यातला प्रत्येक महिन्याचा उशीर आयुष्याच्या वर्षांनी मोजावा लागतो.

दुसरा अभ्यास मनाचा आहे. लंडन येथील कॅथी झिमरमन यांनी २००६ मध्ये युरोपात तस्करीतून सुटलेल्या २०७ स्त्रियांची पाहणी प्रसिद्ध केली. आधारगृहात येऊन पंधरवडाही न झालेल्या स्त्रियांत डोकेदुखी, भोवळ, पाठदुखी, विस्मरण अशी एकाच वेळी दहा-बारा लक्षणे असलेल्यांचे प्रमाण अर्ध्याहून अधिक होते, आणि तितक्याच जणींच्या मनावर युद्धातून परतलेल्या सैनिकांत आढळतो तसा आघात दिसत होता. तीन महिन्यांच्या आश्रयानंतर व उपचारांनंतर हे प्रमाण पुष्कळ खाली येत होते. एवढ्यावरून त्यांनी जो निष्कर्ष काढला तो प्रत्येक तपास अधिकाऱ्याने आणि न्यायाधीशाने मनाशी बाळगण्यासारखा आहे: तारखा विसरणे, क्रम चुकणे, आज एक आणि उद्या दुसरे सांगणे ही लबाडीची खूण नसून आघाताची खूण असू शकते, आणि पहिल्या काही दिवसांत घेतलेला जबाब हा पुराव्याच्या दृष्टीनेसुद्धा सर्वांत कच्चा जबाब असतो. जागतिक आरोग्य संघटनेने २००३ साली अशा स्त्रियांशी कसे बोलावे यासंबंधी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली, त्यांच्या लेखिकांतही झिमरमन होत्या; बोलण्याने तिचे नुकसान होणार असेल तर बोलूच नये, हे त्यांतले पहिले तत्त्व.

आश्चर्य वाटेल, परंतु जबाबापूर्वी असा विसावा देण्याची तरतूद आपल्या १९५६ च्या कायद्यातच आहे. सोडवून आणलेल्या स्त्रीची चौकशी महिला पोलिसाने किंवा मान्यताप्राप्त संस्थेच्या स्त्री सभासदाच्या उपस्थितीत करावी. दंडाधिकाऱ्याने तिचे वय, चारित्र्य, पूर्वायुष्य आणि तिला ज्यांच्या हवाली करावयाचे त्या पालकांची लायकी तपासावी. या चौकशीच्या मुदतीत तिला सुरक्षित ठिकाणी ठेवावे, मात्र तीन आठवड्यांहून अधिक नव्हे. आणि या कामात साहाय्यासाठी पाच प्रतिष्ठित व्यक्तींचे मंडळ नेमावे, ज्यांतील तीन शक्यतो स्त्रिया असाव्यात, असे कलम १७ सांगते. पूर्वायुष्य जाणून घेणे हे काम प्रश्नावलीने होत नाही. त्यासाठी कोणी तरी तिच्याबरोबर बसावे लागते, तिच्या भाषेत बोलावे लागते, आणि पहिल्या दिवशी काही न विचारता परत यावे लागते. अशी पाच माणसे प्रत्येक दंडाधिकाऱ्याच्या हाताशी असती तर कितीतरी पहिले जबाब आपोआप गळून पडले असते. व्यवहारात हे मंडळ क्वचित दिसते.

मुंबईतील कामाठीपुऱ्याच्या वेश्यावस्तीत १९८६ पासून काम करणाऱ्या 'प्रेरणा' या संस्थेच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने २००२ साली जो निर्णय दिला, त्याने या घाईला काही ठिकाणी बांध घातला. कुंटणखान्यात सापडलेली अल्पवयीन मुलगी ही गुन्हेगार नसून काळजी व संरक्षणाची गरज असलेले बालक आहे, तिची पालक म्हणून पुढे येणाऱ्या व्यक्तीची शहानिशा झाल्याखेरीज तिला सोडू नये, आणि जो वकील दलालाचे किंवा घरवालीचे वकीलपत्र घेतो त्याला त्याच प्रकरणात पीडित मुलीच्या वतीने उभे राहता येणार नाही, असे न्यायालयाने बजावले. ज्यांनी कोंडून ठेवले त्यांच्याच पैशाने उभा राहिलेला वकील मुलीच्या सुटकेचा अर्ज करीत असे, आणि 'आई' म्हणून न्यायालयात आलेली बाई तिला घेऊन थेट त्याच वस्तीत परतत असे, हे ज्यांनी पाहिले त्यांनाच या आदेशाचे मोल कळेल.

वयाचा प्रश्न याच ठिकाणी येतो. शाळेचा दाखला किंवा जन्मनोंद असेल तर तीच ग्राह्य, नसेल तरच हाडांची क्ष-किरण तपासणी, असा कायद्याचा क्रम आहे; कारण या तपासणीत दोन वर्षे इकडे किंवा दोन वर्षे तिकडे एवढी चूक होऊ शकते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८२ सालीच नमूद करून ठेवले आहे. सोळा आणि वीस यांच्या मधल्या मुलीच्या बाबतीत या चार वर्षांचा अर्थ काय होतो, हे सांगावयास नको. गावच्या शाळेकडून दाखला मागविण्यास आठवडा लागतो, क्ष-किरण अहवाल लवकर हाती येतो, आणि म्हणून कायद्याने शेवटी ठेवलेला मार्ग व्यवहारात पुष्कळदा पहिला होतो.

आता त्या स्त्रियांकडे वळले पाहिजे ज्यांचा पहिला जबाब खरा असतो. प्रौढ स्त्री मी माझ्या निर्णयाने या व्यवसायात आहे असे सांगते, तेव्हा तिच्यावर अविश्वास दाखविण्याचा अधिकार आपल्याला कितपत पोहोचतो? सांगलीच्या 'संग्राम' संस्थेने २०१८ साली धाडींत पकडल्या गेलेल्या स्त्रियांच्या मुलाखतींवर आधारलेला अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांतील बहुसंख्य स्त्रियांनी आपण सज्ञान असून आपल्याला सुटका नको होती असेच सांगितले होते, आणि सुधारगृहातील सक्तीच्या महिन्यांनी त्यांच्यावर नवे कर्ज चढवून त्यांना पुन्हा त्याच सावकाराच्या दारी नेले होते. सप्टेंबर २०२० मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने अशा तीन सज्ञान स्त्रियांना सुधारगृहातून मुक्त करताना, कायद्याने वेश्याव्यवसाय स्वतः गुन्हा ठरविलेला नाही आणि सज्ञान स्त्रीला तिच्या इच्छेविरुद्ध डांबून ठेवता येत नाही, असा निर्वाळा दिला. मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही त्याच दिशेने पोलिसांना निर्देश दिले. तस्करीविरोधी काम करणाऱ्या काही मंडळींना यात आपल्या कार्याचा अधिक्षेप वाटतो. मला तसे वाटत नाही. जी यंत्रणा स्वेच्छेने राहणाऱ्या स्त्रीचे खरे उत्तर ऐकून घेऊ शकत नाही, ती भयाने खोटे बोलणाऱ्या मुलीचे मौनही ओळखू शकणार नाही, कारण दोन्हींसाठी लागणारे कौशल्य एकच आहे.

कलकत्त्याच्या सोनागाची या वेश्यावस्तीत 'दुर्बार महिला समन्वय समिती'ने १९९७ पासून स्वनियमन मंडळे स्थापन केली. वस्तीत नव्याने आलेल्या प्रत्येक स्त्रीला या मंडळापुढे आणायचे, वय व इच्छा यांविषयी तिच्याशी स्वतंत्रपणे बोलायचे, अल्पवयीन किंवा अनिच्छुक असल्यास तिच्या परतीची व्यवस्था करायची, अशी ही पद्धत. मंडळात वस्तीतील स्त्रियांबरोबर डॉक्टर, समुपदेशक आणि स्थानिक लोकप्रतिनिधी असतात. १९९२ मध्ये तेथे अल्पवयीनांचे प्रमाण २५ टक्के होते ते २०११ मध्ये २ टक्क्यांवर आले, असे या संघटनेशी निगडित राहिलेले डॉ. स्मरजित जाना व त्यांच्या सहकाऱ्यांनी नमूद केले आहे. हे आकडे संघटनेच्या स्वतःच्या कार्यासंबंधीचे आहेत, तेव्हा ते त्रयस्थाच्या पाहणीइतके निर्णायक मानू नयेत. पण नवी मुलगी रडते कशासाठी हे शेजारच्या खोलीतील स्त्रीला पोलिसांच्या आधी कळते, ही त्यामागची जाण मात्र नाकारता येणार नाही.

या व्यापाराचा आकार मोजणे हे काम वेगळ्याच तऱ्हेने कठीण आहे. २०२२ साली देशात मानवी तस्करीचे २,२५० गुन्हे नोंदले गेले आणि त्यांत ६,०३६ पीडित होते, असे राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग सांगतो, आणि यात लैंगिक शोषणाबरोबर वेठबिगारीसारखे इतर प्रकारही आले. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०२१ मध्ये जगभर ६३ लाख व्यक्ती सक्तीच्या लैंगिक व्यवसायात होत्या. पहिला आकडा पोलिसांच्या हाती काय लागले ते सांगतो, दुसरा पाहणी व गणिताने बांधलेला आहे. दोन्ही वाचताना हे भान ठेवले की पुरे. त्याहून चिंतेची बाब अशी, की पुनर्विकासाने कामाठीपुरा आक्रसत चालला असून व्यवहार लॉजवर, भाड्याच्या सदनिकांत, मसाज पार्लरमध्ये आणि मोबाइलवर विखुरला आहे. जुन्या वस्तीत निदान समाजकार्यकर्ती रोज जाऊ शकत होती, औषधाच्या दुकानदाराला चेहरे ओळखीचे होते. बंद सदनिकेतल्या मुलीची शेजारीण कोणीच नसते.

प्रतिबंधाची जी कामे टिकली ती बहुधा लहान आणि चिवट आहेत. 'प्रेरणा'ने १९८८ साली कामाठीपुऱ्यात सुरू केलेले रात्रीचे पाळणाघर हे त्यांतले एक. आईचा धंदा रात्रीचा, खोली एकच, आणि मुलगी खाटेखाली किंवा रस्त्यावर; ती तेथेच मोठी झाली तर काही वर्षांत खाटेखालून वर येणार, हे सर्वांना दिसत होते. मुलांना संध्याकाळपासून सकाळपर्यंत जेवण, अभ्यास आणि झोपण्यास सुरक्षित जागा देणे, एवढी साधी ही कल्पना, पण तिने आईच्या संमतीने मुलीची वाट बदलली. शाळेत सातवी-आठवीतली मुलगी सलग गैरहजर राहू लागली की शिक्षकाने घरी जाणे, आणि १०९८ या बालमदत क्रमांकावर वेळीच कळविणे, ही कामेही याच जातीची होत.

सुटका झालेली मुलगी शेवटी परतते ती त्याच गावात, बहुधा त्याच गल्लीत, जेथे तिला गाडीत बसवून देणारा मनुष्य अद्याप राहत असतो. खटला मुंबईत किंवा पुण्यात चालू असतो आणि साक्षीचे समन्स तीन-चार वर्षांनी येते. आता दूरदृश्य माध्यमाने साक्ष घेण्यास न्यायालयांनी मान्यता दिल्यापासून, गावाजवळच्या जिल्हा न्यायालयात बसून तिला बोलता येऊ लागले आहे, आणि पहिल्या रात्री 'स्वखुशीने' म्हणणारी मुलगी तेव्हा नावानिशी, तारखेनिशी सांगू शकते, जर मधल्या काळात तिच्या बाजूला कोणी राहिले असेल तर. सुटलेल्या स्त्रियांच्या संघटना म्हणूनच सुधारगृहातील सक्तीच्या मुक्कामापेक्षा गावातच मिळणारे उपचार, समुपदेशन, रोजगाराचे साधन आणि आरोपीपासून संरक्षण मागत आहेत. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये साक्षीदार संरक्षण योजना मान्य केली आहे, राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाची २०१५ ची योजना तस्करीपीडितांना कायदेशीर साहाय्य आणि नुकसानभरपाई मिळवून देण्यासाठीच आहे. भरपाईचा अर्ज जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे करता येतो, त्यासाठी खटल्याच्या निकालापर्यंत थांबण्याची आवश्यकता नाही, आणि तो लिहून देण्यासाठी वकील विनामूल्य मिळतो.